कोल्हापुरात चांगलं मटणाचं ताट कुठे मिळेल, आणि ते चांगलं आहे हे ओळखायचं कसं?

तुम्ही विचारलंय की घरचे सहा जण दोन दिवसांसाठी कोल्हापूरला जाताय, बरोबर आई आहेत आणि आठ वर्षांची मुलगी आहे. पुण्यात 'कोल्हापुरी थाळी' म्हणून जे खाल्लं ते नुसतं जाळ होतं, तर अस्सल ताट कुठे मिळेल?

नावं हवी असतील तर ओपल, पद्मा, देहाती ही तुम्हाला स्टेशनवर उतरल्यावर पहिला रिक्षावालाही सांगेल. पण नुसत्या नावावर जाऊ नका. आचारी बदलतो, शाखा निघतात, एकाच दारात बुधवारचं मटण आणि सोमवारचं मटण वेगळं लागतं. ताट समोर आल्यावर दोन मिनिटांत पारख कशी करायची ते सांगतो. ते जमलं की गल्लीतली बिनपाटीची खानावळसुद्धा तुम्हाला बिनचूक सापडेल.

पारख सुरू करायची पांढऱ्या रश्शापासून. तांबड्या रश्शात तिखट आणि तेल यांच्याखाली पुष्कळ पाप झाकता येतं, पांढऱ्यात काहीच झाकता येत नाही. म्हणून वाटी आली की भाकरी मोडायच्याही आधी पांढऱ्याचा एक घोट घ्या. तांबडा आधी घेतलात तर जीभ बधिरते आणि मग पांढऱ्यातलं काही कळत नाही.

हे समजायला स्वयंपाकघरात काय होतं ते माहीत हवं. मटण आलं-लसूण आणि मीठ लावून बारीक आचेवर शिजायला टाकतात. वर खोलगट झाकण ठेवून त्यात पाणी ओततात. झाकणावरचं पाणी तापलं की तेच आत घालायचं, गार पाणी घालायचं नाही, कारण त्याने मटण शिजायला वेळ लावतं. मटण शिजल्यावर जे पाणी उरतं ते अळणी. ताटातल्या तिन्ही गोष्टी इथूनच निघतात. फोडी काढून त्यांचं सुकं, आणि अळणीचे दोन वाटे करून एकाचा तांबडा, दुसऱ्याचा पांढरा. काळजीवाला आचारी पांढऱ्यासाठीच्या मटणाला हळद लावत नाही किंवा अगदी चिमूटभर लावतो, म्हणून पांढरा खरंच पांढरा राहतो. पिवळट झाक दिसली म्हणून रस्सा वाईट ठरत नाही, पण घाई झालीय एवढं कळतं.

पांढऱ्यात मिरची पूड नाही, टोमॅटो नाही. अर्धा किलो मटणाचं साधारण लिटरभर अळणी असेल तर त्याला दोन चमचे खसखस, दोन चमचे तीळ, आठ-दहा काजू किंवा तेवढाच मगज (कलिंगड-खरबुजाच्या सोललेल्या बिया), हे सगळं भिजवून गंधासारखं वाटलेलं. तुपात तमालपत्र, लवंग, दालचिनी, मिरी, वेलची तडतडली की वाटण परतायचं, अळणी ओतायचं, आणि सगळ्यात शेवटी वाटीभर दाट नारळाचं दूध. दूध पडल्यानंतर खळखळून उकळी आणायची नाही. उकळलं तर रस्सा फुटतो, वर तेलकट थेंब आणि खाली कणी. दुपारी साडेतीनला गेलात आणि सकाळचा पांढरा पुन्हा दणकून तापवलेला असला, तर वाटीत नेमकं हेच दिसतं.

आता तुमच्या वाटीकडे बघा. चांगला पांढरा पातळ असतो, पिण्याचा असतो. चमचा बुडवून वर काढला तर त्याच्या पाठीवर पातळसा थर राहावा आणि मागचं स्टील दिसावं. पहिल्या घोटात मटणाची चव, मग नारळाचा गोडवा, आणि गिळल्यावर घशात मिरी-लवंगेची ऊब. हा क्रम महत्त्वाचा. गोडवाच पहिला आला आणि शेवटपर्यंत तोच राहिला तर काजू जास्त आणि अळणी कमी, म्हणजे हॉटेलातल्या पांढऱ्या ग्रेव्हीत गरम पाणी घातलंय. टाळूला पिठूळ थर चिकटला तर मैदा किंवा कॉर्नफ्लॉवर आहे. खात्री करायची असेल तर वाटीत थोडा रस्सा बाजूला ठेवा. गार झाल्यावर नारळाची चरबी वर किंचित साकळेल, ते ठीक आहे. पण अख्खा रस्सा खळीसारखा घट्ट झाला तर ते पीठच. आणि आंबूस वास आला तर दुसरा घोट घेऊ नका. नारळाचं दूध उन्हाळ्यात फार लवकर उतरतं. लगेच सांगा आणि बदलून घ्या, यात संकोच करण्यासारखं काही नाही.

पांढरा चांगला निघाला की माझ्या मते निम्मं काम झालं. ज्या स्वयंपाकघरात रोज पुरेसं मटण शिजतं त्यांच्याकडेच पुरेसं अळणी असतं, आणि अळणी असेल तरच पांढरा जमतो.

तांबड्याकडे वळूया, कारण पुण्यात तुमची निराशा तिथेच झाली असणार. कोल्हापूरबाहेर 'कोल्हापुरी' या शब्दाचा अर्थ 'तिखटजाळ' एवढाच उरलाय. व्हेज कोल्हापुरी नावाची जी भाजी देशभर मिळते ती कोल्हापूरच्या घरांत सहसा शिजत नाही. घरातला तांबडा झणझणीत असतो खरा, पण त्याला अंग असतं. ते अंग येतं अळणीतून आणि चटणीतून. तिथे चटणी म्हणजे कांदा-लसूण मसाला. उन्हाळ्यात वर्षभराची एकदम डंकावर, म्हणजे मसाला कुटायच्या यंत्रावर, कुटून ठेवतात. मिरची, कांदा, लसूण, सुकं खोबरं, धणे, तीळ आणि खडा मसाला, सगळं भाजून-तळून. मिरच्याही एकाच जातीच्या नसतात. रंगाला ब्याडगी, चवीला आणि तिखटाला संकेश्वरी, आणि ज्यांना ठसका हवा ते लवंगी वाढवतात. ज्या हॉटेलात नुसती तिखटपूड आणि तयार गरम मसाला पडतो तिथे जीभ भाजते आणि चव काही लागत नाही. पुण्यात तुम्हाला भेटला तो बहुधा हाच प्रकार.

रंगाचंही एक सांगतो. मिरचीचा लाल रंग तेलात विरघळतो, पाण्यात नाही. त्यामुळे खऱ्या तांबड्यात लाली वरच्या कटात, म्हणजे तरंगणाऱ्या तेलाच्या थरात असते आणि कट बाजूला सारला की खालचा रस्सा तपकिरीकडे झुकलेला, मातकट लाल दिसतो. खाण्याचे कृत्रिम रंग मात्र बहुतेक पाण्यात विरघळणारे असतात. चमच्याने कट बाजूला करून बघा. खालचं पाणीही वरच्याइतकंच भडक लाल असेल, भातावर घातल्यावर शीत न् शीत केशरी होत असेल, बोटांचा रंग साबणानेही नीट जात नसेल, तर रंग टाकलाय. तिथे पुन्हा जाऊ नका.

कडवटपणा आला तर चटणी कडकडीत तेलात पडून जळली. टोमॅटोचा आंबटपणा पुढे आला तर अळणी कमी पडलं म्हणून टोमॅटोवर वेळ मारून नेली. तेलाचा कट बोटभर आणि खाली पाणी पाणी, तर वाढणाऱ्याने वरवरचं काढलंय. हा शेवटचा दोष आचाऱ्याचा नाही, वाढपीदादाचा आहे. रस्सा बादलीत उभा राहिला की कट वर येतो आणि वाटण तळाला बसतं. ओगराळ्याने वरचंच घेतलं तर पहिल्या पंगतीला तेल आणि शेवटच्या पंगतीला गाळ. सरळ म्हणा, "दादा, तळातनं ढवळून वाढा." राग कुणी मानत नाही. उलट हा गडी जाणकार आहे म्हणून पुढची वाटी नीट येते. चांगल्या खानावळीत वाढपी न सांगताच प्रत्येक वेळी ढवळतो. सेवेची एवढी एकच खूण बघायची असेल तर मी ही बघेन.

दुसरी खूण दुसऱ्या वाटीची. रस्सा बहुतेक ठिकाणी हवा तेवढा मिळतो, पण काही ठिकाणी पहिली वाटी दाट आणि नंतरच्या वाट्यांत गरम पाणी वाढवलेलं. म्हणून पहिली वाटी पूर्ण संपवू नका, दोन घोट शिल्लक असतानाच दुसरी मागा आणि शेजारी ठेवून चव घ्या.

सुक्या मटणात तीन गोष्टी तपासा. फोड बोटांनी ओढली तर हाडापासून जराशा जोराने सुटावी. हात लावताच भुगा होत असेल तर सोडा किंवा पपई जास्त झालीय, नाहीतर ते मटण तीनदा गरम झालंय. दोरे निघून दातांत अडकत असतील तर जनावर जून आहे किंवा शिजायला वेळ दिलेला नाही. मसाला फोडीला धरून असावा, ताटात तेलाचा ओघळ सोडून फोडी कोरड्या राहिलेल्या नसाव्यात. आणि वास. कोल्हापूरकर बोकडाच्या मटणाबद्दल फार काटेकोर आहे, त्यातही पालव्याचं म्हणजे कोवळ्या बोकडाचं असेल तर विचारायलाच नको. मेंढीच्या चरबीचा वास वेगळा आणि उग्र, आणि ती गार होताच ओठांवर मेणासारखी बसते. या गावात २०१९च्या डिसेंबरमध्ये मटणाच्या दरावरून लोक रस्त्यावर उतरले होते, तेव्हा मटणाचा प्रश्न तिथे किती जिव्हाळ्याचा आहे ते समजून घ्या. "बोकडाचंच आहे ना?" असं विचारलं तर कुणाला वावगं वाटत नाही.

फोडींत काय आलंय तेही बघा. चाप, नळी, सीना, मांडी असं मिसळून आलं तर वाटप सरळ आहे. नुसतं गर्दनीचं हाड आणि चरबी आली तर चांगले तुकडे आधीच्या गिऱ्हाइकांना किंवा महागड्या 'स्पेशल'ला गेले. गर्दी नसताना "एक नळी टाका" असं सांगितलं तर मिळते.

दराचा अंदाज असा लावा. त्या दिवशी बाजारात मटण समजा किलोला ८०० रुपये असेल, तर ताटातल्या २०० ग्रॅम कच्च्या मटणाचेच १६० झाले. त्यातही हाड आलं, आणि शिजून वजन बरंच उतरतं. वर मसाला, नारळ, तेल, भाकऱ्या, मजुरी, भाडं. मग १८० रुपयांत 'अनलिमिटेड मटण थाळी' कशी परवडेल याचा विचार खाण्याआधी करा. स्वस्त ताट हवंच असेल तर अंड्याचं घ्या, तिथे फसवणुकीला वाव कमी. ताट सांगताना भाकऱ्या किती, जादा भाकरीचे किती, मटण पुन्हा वाढतात का नुसता रस्सा, हे विचारून घ्या. वादावादी होते ती बहुधा यावरूनच.

भाकरी ज्वारीची सांगा आणि तव्यावरची गरम मागा. पापुद्रा सुटलेली असावी, तो उचलून आत रस्सा ओतता आला पाहिजे. आधी करून डब्यात रचून ठेवलेली भाकरी चामट होते आणि रश्शात कुस्करली जात नाही. रांगेत बसल्यावर आतून भाकरी थापण्याचा आवाज येत असेल तर जागा सोडू नका.

वेळ आणि वार यांना मी नावापेक्षा जास्त महत्त्व देतो. बुधवार, शुक्रवार, रविवार हे खाण्याचे वार. सोमवारी, गुरुवारी, शनिवारी बरीच घरं पाळतात, मग हॉटेलातही उठाव कमी आणि आदल्या दिवशीचं उरण्याची शक्यता जास्त. दुपारी साडेबारा ते दीड ही उत्तम वेळ, कारण पहिलं पातेलं उतरलेलं असतं आणि गर्दीची घाई सुरू व्हायची असते. रविवारी बाराच्या आत पोचा, सहा जणांना एकत्र जागा नंतर मिळत नाही. श्रावणात जाणार असाल तर मटणाचा बेत ठेवूच नका. आणि आषाढाच्या शेवटी गटारीच्या दिवशी तर चुकूनही नको. त्या दिवशी पातेल्यांवर पातेली उतरतात, मटण कच्चं राहतं आणि अळणीत पाणी वाढतं.

जागा कशी निवडायची? महामार्गावरची मोठी हॉटेलं बसायला, गाडी लावायला, स्वच्छतागृहाला सोयीची, आणि आई बरोबर असतील तर ते महत्त्वाचं आहेच. पण दारातल्या गाड्यांच्या पाट्या वाचा. सगळ्या पुण्याकडच्या एमएच १२ आणि १४ असतील तर तो प्रवाशांचा थांबा आहे, तिथे चव बेतानेच असते. कोल्हापूरच्या एमएच ०९च्या दुचाकी दाटीने उभ्या असतील तर निर्धास्त आत जा. गावातल्या खानावळीत बाकडी अरुंद, पंगतीची घाई, पण पातेलं दिवसाचं दिवसात संपतं. दोन दिवस आहेत तर एक जेवण खानावळीत आणि एक मोठ्या हॉटेलात करा. पहिलं खानावळीत, म्हणजे दुसरं मोजायला माप हातात राहील.

मुलीसाठी आणि आईंसाठी अळणी मागा. "अळणी मिळेल का? तिखट न घातलेलं," एवढं म्हटलं की पुरतं. अळणी, भात, वर चमचाभर तूप, आणि दोन मऊ फोडी धुऊन नव्हे तर सुरुवातीलाच बाजूला काढून ठेवलेल्या. हे मेनूकार्डावर सहसा नसतं पण पातेल्यात असतंच. मात्र आधी सांगा, कारण दोन वाजल्यानंतर सगळ्या अळणीचा रस्सा झालेला असतो. तिखट लागलं तर पाणी पिऊन उपयोग नाही, तिखट पाण्यात विरघळत नाही. दहीकांदा खा किंवा पांढऱ्याचा घोट घ्या. ताटात दोन्ही रस्से शेजारी शेजारी असण्याचा हा खरा फायदा. सोलकढी हवी तर घ्या, पण ती कोकणची, कोल्हापूरच्या ताटाला तिची गरज नाही.

शाकाहारी कुणी असेल तर मटणाच्या खानावळीत 'व्हेज तांबडा' मागवू नका, ओगराळं एकच असतं. त्यांच्यासाठी वेगळ्या ठिकाणी आख्खा मसूर आणि भाकरी.

बिलाचं थोडक्यात. हॉटेलच्या जेवणावर साधारणपणे ५ टक्के जीएसटी असतो आणि तो लावला असेल तर बिलावर जीएसटी क्रमांक छापलेला हवा. लहान खानावळी बऱ्याचदा जीएसटीच्या, लहान व्यावसायिकांसाठीच्या कंपोझिशन योजनेत असतात, त्यांना गिऱ्हाइकाकडून जीएसटी वेगळा घेता येत नाही. 'सर्व्हिस चार्ज' बिलात आपोआप जोडता येत नाही, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२मध्ये तसं स्पष्ट केलंय. काढायला सांगा, आणि काढला नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. वाढणाऱ्याने नीट वाढलं असेल तर त्याच्या हातात पैसे वेगळे द्या, ते त्याच्यापर्यंत पोचतात. तक्रार असेल तर ताट निम्मं व्हायच्या आत गल्ल्यावर जाऊन शांतपणे सांगा. "मटण कच्चं आहे" याला दहापैकी नऊ ठिकाणी ताट बदलून मिळतं. संपवून सांगितलं तर मिळत नाही, आणि ते रास्तही आहे.

एक शेवटची सूचना, कारण दोन दिवसांत सगळं उरकायचा मोह होतो. शिवाजी उद्यमनगरात फडतऱ्यांची मिसळ, कसबा बावड्यात बावडा मिसळ, खासबागेजवळ राजाभाऊंची भेळ, गंगावेशीत डोळ्यांसमोर काढलेलं म्हशीचं दूध, हे सगळं खरंच खाण्यापिण्यासारखं आहे. तिथली मिसळ पावाबरोबर नाही, ब्रेडच्या स्लाइसबरोबर येते, हेही जाता जाता. पण सकाळी मिसळ आणि दुपारी मटण एकाच दिवशी नको. दोन्हीवर कट, दोन्हीत चटणी, दुपारपर्यंत पोट आणि जीभ दोन्ही थकतात आणि पांढऱ्याची चव हातची जाते. ज्या दिवशी मटण त्या दिवशी सकाळी पोहे किंवा नुसता चहा, आणि मिसळ दुसऱ्या दिवशी निघायच्या आधी. मिसळीला लवकर जा, दुपारी उशिरा गेलात तर कट संपलेला असतो.